वाटेल ती नळी चालत नाही

प्रति,
मा. संपादक,
वाचकांची पत्रे

विषय : टर्बो गाडीला बूस्ट गेज बसवण्याबद्दलचा आपल्या वाहन पुरवणीतला लेख

महोदय,
स. न. वि. वि.

टर्बो गाडीला बाहेरचं बूस्ट गेज, म्हणजे टर्बो इंजिनात किती दाबाने हवा कोंबतो हे दाखवणारं मीटर, कसं बसवावं, यावर आपल्या पुरवणीत पानभर लेख आला. प्रेशर गेज या विषयावर वर्तमानपत्रात कुणी चार ओळी खर्च करील असं मला ३४ वर्षांच्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं, त्यामुळे पान उघडलं तेव्हा बरं वाटलं. मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. गेज उतरवायचं, उघडून साफ करायचं, डेड वेट टेस्टरवर (ठरावीक वजनं ठेवून नेमका दाब देणाऱ्या यंत्रावर) चढवून काटा जागेवर आणायचा आणि पुन्हा लाइनवर लावायचं, यातच माझी हयात गेली. पण लेखाचा आनंद तिसऱ्या परिच्छेदापर्यंतच टिकला. बॉनेट उघडल्यावर इंजिनाजवळ जी बारीक रबरी नळी दिसेल ती कापा, मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) घाला आणि गेजची नळी जोडा, काम अर्ध्या तासाचं, असं तिथे लिहिलं आहे. या एका वाक्यासाठी हे पत्र.

गेज बसवणं म्हणजे इंजिनाच्या श्वासनलिकेला भोक पाडणं. ते कुठे पाडलं यावर गेज खरं बोलणार की खोटं, हे ठरतं. आणि एका जागी तर गेज बाजूलाच राहतं, इंजिनच गोत्यात येतं.

आमच्या शेजारच्या मुलाच्या गाडीचं उदाहरण देतो. त्याची जुन्या घडणीची पेट्रोल टर्बो गाडी आहे. गेज बसवणाऱ्याने वेस्टगेटच्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी नळी कापून तिच्यात टी घातला होता. टर्बोतून दाब वाढला की तो याच नळीतून अ‍ॅक्च्युएटरच्या डबीत जातो, आतला पडदा स्प्रिंगविरुद्ध सरकतो, दांडी ढकलली जाऊन वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. टर्बोला आवर घालणारा लगाम तो हाच. आता या नळीतला टी जर गळायला लागला, तर डबीला दाब कमी पोचतो. तिला वाटतं अजून बूस्ट झालेलंच नाही, म्हणून वेस्टगेट मिटलेलाच राहतो आणि तिकडे दाब चढत जातो. पोरगा मला कौतुकाने सांगत आला, ‘काका, गेज बसवल्यापासून गाडी जास्तच पळायला लागली.’ मी म्हटलं, आधी बॉनेट उघड. टीच्या एका तोंडावर नळी नुसती अडकवलेली होती, क्लिप नाही, काही नाही. बोट लावलं तर फिरत होती. पुढे कधीतरी इंजिनाच्या कॉम्प्युटरने ओव्हरबूस्ट पकडून इंधन तोडलं असतं आणि भर रस्त्यात गाडीने मान टाकली असती. त्याच्या आतच टी काढला, नळी अखंड बसवली, आणि गाडी पूर्वीसारखी ‘कमी’ पळायला लागली. पोरगा थोडा हिरमुसला.

दुसरी चुकीची जागा ब्रेक बूस्टरची, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या डबीची, नळी. ती जाडजूड असते आणि चटकन हाताला लागते, म्हणून मोह होतो. तिच्यात एकदिशा झडप असते. झडपेच्या बूस्टरकडच्या बाजूला टी घातलात तर आतला व्हॅक्यूम तिथेच कोंडून राहतो आणि तुम्ही कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबा, काटा शून्याखाली चिकटलेला तो चिकटलेलाच. गेज बिघडलं म्हणून दोन वेळा बदलून झाल्यावर माणसाला शंका येते. शिवाय ती नळी गळली तर ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक होतं. काही नव्या गाड्यांत ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तिथे या नळीचा मॅनिफोल्डशी (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पोकळ भागाशी) संबंधच नाही. गेजसाठी ब्रेकच्या वाटेला जाऊ नये, एवढंच मी म्हणेन.

टर्बो आणि थ्रॉटल (पाय दाबला की उघडणारी हवेची झडप) यांच्या मधल्या पाइपावर गेज जोडलं तर धोका नाही, पण अर्धं गेज वाया जातं. तिथे व्हॅक्यूम दिसतच नाही आणि थ्रॉटल अर्धवट मिटलेला असताना काटा दाखवतो तेवढा दाब इंजिनाला मिळत नसतो. फ्यूएल टँकची वाफ आणणारी नळीही नको. तिच्या वाटेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह असतो.

मग कुठे? थ्रॉटलच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्डवर. जिथून इंजिन प्रत्यक्ष हवा ओढतं तिथे. जुन्या गाड्यांत मॅनिफोल्डमधून निघून फ्यूएल प्रेशर रेग्युलेटरकडे किंवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्हकडे जाणारी नळी असते, ती चालते. पण बऱ्याच नव्या गाड्यांत अशी मोकळी नळी सापडतच नाही. माझ्या लेकीच्या गाडीत नव्हती. तिथे मॅनिफोल्डच्या अंगावर थेट मॅप सेन्सर (तिथला दाब मोजणारा) बसवलेला होता, अंगठ्याएवढा काळा तुकडा, एका स्क्रूवर. अशा गाडीसाठी एक अडॅप्टर मिळतो. सेन्सर काढायचा, खाली अडॅप्टर बसवायचा, त्यावर पुन्हा सेन्सर, आणि अडॅप्टरच्या कुशीतून एक निपल, म्हणजे नळी चढवायचं तोंड, बाहेर निघतं. मूळची एकही नळी कापावी लागत नाही. ओ-रिंगला तेलाचं बोट लावून सेन्सर सरळ दाबायचा, तिरका नाही. ओ-रिंग चिमटली की तिथूनच हवा खेचली जाते.

ही खेचली जाणारी हवा काय करते, तेही लेखात यायला हवं होतं. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, म्हणजे गळक्या जागेतून बाहेरची हवा आत जाते. ज्या गाडीत एअर फ्लो सेन्सर आहे, तिथे ही हवा सेन्सरला चुकवून आलेली असते. कॉम्प्युटरच्या हिशेबात ती नसते. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं, आरपीएम वरखाली डुलायला लागतो आणि कधीतरी चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनर लावला तर पी ०१७१ असा कोड निघतो. लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, स्पार्क प्लग बदलतात आणि आपण गेल्या महिन्यात हौसेने लावलेल्या टीकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

हे सगळं शहाणपण सांगणाऱ्या माणसाने स्वतः काय केलं, तेही सांगून टाकतो. कारखान्यात माझी नेहमीची गाठ दहा-बारा बारच्या लाइनशी. तिथे फेरूल, नट, टेफ्लॉन टेप याशिवाय आम्ही जोड मारत नसू. गाडीच्या टर्बोचा दाब तो केवढा, एक बारसुद्धा नाही! म्हणून मी अडॅप्टरच्या निपलवर सिलिकॉनची नळी नुसती दाबून बसवली. घट्ट बसली होती. व्हॅक्यूममध्ये तर ती आणखीच निपलला चिकटते, त्यामुळे आयडलिंगला काटा अगदी झकास दिसत होता. पहिली फेरी नीट झाली, दुसरीही. तिसऱ्या वेळी चढावर लेकीने पाय दाबला, काटा ०.८ पर्यंत चढला, फट्‌ असा आवाज झाला आणि काटा थेट शून्यावर आला. बॉनेटखालून फुस्स फुस्स, सिग्नलला थांबलो तर इंजिन बंद पडतंय की काय असं थरथरतंय. बाजूला घेऊन पाहिलं, तर नळी निपलपासून चार बोटं दूर लोंबत होती. गरम झालेलं सिलिकॉन मऊ पडतं, आणि दाबाची दिशा आता बाहेरची होती. ३४ वर्षांचा अनुभव! त्या दिवशी दोन्ही टोकांना क्लिपा मारल्या. लेक अजूनही बॉनेट उघडलं की म्हणते, ‘बाबा, क्लिप बघा आधी.’

गेज मेकॅनिकल घ्यावं की इलेक्ट्रॉनिक, यावर लेखात बरंच काही आहे, पण एक मुद्दा राहिला. मेकॅनिकल गेजमध्ये बूर्दाँ ट्यूब असते. वाकवलेली, चपटी पितळी नळी. दाब आला की सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. फ्रान्समध्ये १८४९ साली तिचं पेटंट घेतलं गेलं आणि आजही ती जशीच्या तशी चालते. माझा जीव तिच्यावरच आहे, लपवत नाही. पण गाडीत मी ती लावली नाही. कारण तिच्यासाठी मॅनिफोल्डमधली नळी थेट केबिनमध्ये, माणसाच्या गुडघ्यापर्यंत आणावी लागते. त्या नळीत नुसती हवा नसते, पेट्रोलची वाफ आणि तेलाचा ओलावाही असतो. ती डॅशबोर्डमागे गळली तर वास आपल्याला येणार. इलेक्ट्रॉनिक गेजचा सेन्सर बॉनेटखालीच राहतो आणि केबिनमध्ये फक्त वायरी येतात. घरी ठेवलेल्या हातपंपावर आणि जुन्या टेस्ट गेजवर मी ते तपासून घेतलं: १ बारला १.०३ दाखवत होतं. चालेल. तबकडी निवडताना मात्र आमचा जुना नियम पाळा, रोजचा दाब मोजपट्टीच्या मधल्या भागात यावा. ०.८ बारच्या गाडीला ४ बारचं गेज लावलं तर काटा कोपऱ्यातच रेंगाळतो.

सेन्सर कुठे ठेवला यालाही महत्त्व आहे. तो मॅनिफोल्डवरच्या निपलपेक्षा उंचावर हवा, तोंड खाली करून. हवेच्या, वायूच्या लाइनवर ट्रान्समीटर नेहमी टॅपिंगच्या वर बसवतात. नळीत जमलेलं पाणी, तेल उतारावरून परत मूळ जागी जावं म्हणून. सेन्सर खाली लोंबत ठेवला तर ते तेल थेंबाथेंबाने त्याच्याच घशात उतरतं. नळी आखूड ठेवावी, बाकदार वळण द्यावं, कोन नको. पातळ भिंतीची नळी तर नकोच, व्हॅक्यूममध्ये ती स्ट्रॉसारखी चप्प बसते आणि काटा आळशी होतो. टर्बोच्या आणि एक्झॉस्टच्या बाजूने नेऊ नये हे सांगायला नको, तरी सांगतो.

वायरिंगबद्दल लेखकाने बरोबर लिहिलं आहे: किल्ली फिरवल्यावरच चालू होणारा फ्यूज शोधा, मल्टिमीटरने खात्री करा, स्वतंत्र फ्यूज टाका, बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा. त्यात माझी भर एवढीच, की अर्थिंग रंगवलेल्या बोल्टला देऊ नका, कोरं लोखंड शोधा. हेडलाइट लावल्यावर काटा जागचा हलत असेल तर दोष बहुतेक तिथेच असतो. फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला) नवीन भोक पाडण्याआधी मूळच्या वायरिंगचा रबरी ग्रोमेट शोधा. स्टीअरिंगखाली डोकं आणि सीटवर पाय अशा अवस्थेत मला तो पाऊण तासाने सापडला. त्याच्या कडेला बारीक चीर देऊन ताठ तार आरपार घातली, तिच्या टोकाला चिकटपट्टीने वायर बांधली आणि ओढून घेतली. आत आलेली वायर पेडलपासून लांब बांधलीच पाहिजे.

आता त्या छायाचित्राबद्दल. लेखासोबत पुढच्या काचेशेजारच्या खांबावर, म्हणजे ए-पिलरवर बसवलेल्या गेजचा मोठा फोटो आहे. दिसतं छान, मान्य. पण ज्या गाडीला कर्टन एअरबॅग आहे, तिची एअरबॅग छताच्या कडेने या खांबापर्यंत घडी घालून ठेवलेली असू शकते. अपघाताच्या क्षणी ती खांबाचं कव्हर ढकलून उघडते. त्या कव्हरवर स्क्रू मारून गेज बसवायचं म्हणजे एअरबॅगची वाट अडवायची आणि वर डोक्याजवळ एक जड वस्तू सुटी होण्याची सोय करून ठेवायची. त्याच खांबातून वायर खाली नेताना एअरबॅगच्या वायरी हाताशी येतात. पुष्कळ गाड्यांत त्यांचे कनेक्टर पिवळे असतात. त्यांना टेस्ट लॅम्प लावणं हा खेळ नव्हे. आम्ही गेज स्टीअरिंग कॉलमच्या उजव्या अंगाला, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात बसवलं. फोटोत भाव खाणार नाही.

काट्याचं वाचन कसं करायचं, यातही लेखात एक चूक आहे. आयडलिंगला काटा शून्याखाली गेला नाही तर गेज खराब, असं सरसकट म्हटलं आहे. पेट्रोल गाडीत ते खरं आहे: गरम इंजिन, आयडलिंगला काटा साधारण शून्याखाली ०.६ ते ०.७ बार, आणि उतारावर गिअरमध्ये पाय सोडला तर आणखी खाली. पण डिझेल इंजिन पेट्रोलसारखं थ्रॉटल मिटून चालत नाही. तिथे आयडलिंगला काटा शून्याच्या आसपासच उभा राहतो, आणि ते बरोबरच आहे. हा लेख वाचून किती डिझेलवाले चांगली गेजं परत करायला निघाले असतील!

न्यूट्रलमध्ये रेस करून बूस्ट बघायला जाऊ नका. इंजिनावर भार नसेल तर टर्बोला पुरेसा एक्झॉस्ट मिळत नाही, काटा जेमतेम शून्य ओलांडतो. चढ लागतो, तिसरा गिअर लागतो.

उंचीचंही एक गौडबंगाल आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब १.०१३ बार, १५०० मीटरवर ०.८५ च्या आत येतो, ३००० मीटरवर जेमतेम ०.७. ज्या गेजचं शून्य एकदाच पक्कं करून ठेवलेलं असतं आणि आतला सेन्सर निरपेक्ष, म्हणजे पूर्ण पोकळीपासूनचा, दाब मोजतो, ते डोंगरावर इंजिन बंद असतानाही शून्याखाली दाखवतं. बिघाड नाही, हवा विरळ आहे. काही गेजं किल्ली फिरवताच तिथल्या हवेचं शून्य धरतात. आपलं कुठल्या जातीचं आहे हे मॅन्युअलमध्ये असतं, आणि मॅन्युअल नेमकं खोक्याबरोबर फेकलेलं असतं.

एवढ्या उठाठेवीची गरज काय, असं कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. नुसतं कुतूहल असेल तर ओबीडीच्या (गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या) सॉकेटमध्ये रीडर लावून फोनवर मॅनिफोल्डचा दाब बघता येतो, भोक नाही की टी नाही. आकडा किलोपास्कलमध्ये आणि निरपेक्ष येतो, त्यातून बाहेरच्या हवेचे शंभरेक वजा करायचे. मात्र ओबीडीच्या नेहमीच्या संदेशात या आकड्याला एकच बाइट, म्हणजे ० ते २५५ एवढीच जागा, दिलेली आहे, २५५ किलोपास्कलच्या वर तो जाऊच शकत नाही, आणि काटा जसा पायाबरोबर उसळतो तसा फोनवरचा आकडा उसळत नाही.

आम्हाला गेज उपयोगी पडलं ते असं. रोजच्या रस्त्यावर एक चढ आहे, तिसऱ्या गिअरमध्ये तिथे काटा नेहमी ०.८ ला जाऊन टेकायचा. एका आठवड्यात तो ०.५ वर अडायला लागला. दिवा लागला नव्हता, स्कॅनरवर कोड नव्हता, लेकीला फक्त ‘गाडी जरा सुस्त वाटते’ असं वाटत होतं. गेज नसतं तर पेट्रोलला दोष देऊन मोकळे झालो असतो. मी आधी माझ्याच क्लिपा तपासल्या, शहाणा झालो होतो. त्या शाबूत होत्या. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या मोठ्या नळीवर मात्र तेलाचा ओला डाग आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली. क्लिप सैल झाली होती, नळी एका बाजूने सरकली होती. पुसली, बसवली, क्लिप आवळली. त्याच चढावर पुन्हा ०.८.

काट्याकडे बघत बसायचं नसतं, तो जागेवर नसला तर कळलं पाहिजे, एवढंच त्याचं काम. शेजारचा पोरगा आता विचारतो, ०.८ चे १.२ कसे करायचे? मी त्याला सांगतो, बूस्ट म्हणजे ताकद नव्हे, मॅनिफोल्डमध्ये साचलेला दाब आहे. जास्त पिळलेल्या टर्बोतून गरम हवा येते आणि गरम हवा दाब दाखवते, पण सिलिंडरमध्ये वजनाने कमी भरते. त्याला पटलेलं दिसत नाही.

आपल्याला विनंती अशी, की पुढच्या अंकात चौकटीत निदान तीन दुरुस्त्या छापाव्यात: टी कुठल्याही नळीत नव्हे, थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डच्या नळीत, आणि वेस्टगेटच्या व ब्रेकच्या नळीला हात लावू नये, ए-पिलरवर गेज लावण्याआधी गाडीत कर्टन एअरबॅग आहे का ते बघावं, आणि डिझेलचा काटा शून्याखाली जात नाही. जागा उरली तर क्लिपेबद्दलही लिहा. माझं नाव न घालता.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक